ओल्ड ट्रॅफर्डच्या आधी आणि नंतर : डेव्हिड बस्टबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डेव्हिड बस्टचं नाव निघालं की फक्त त्या भयंकर दुखापतीबद्दलच बोललं जातं. त्याची बाकीची कारकीर्द काय होती?

उत्तर : दुखापतीमुळे तो लक्षात राहिला हे खरं आहे. पण तिच्या अलीकडे आणि पलीकडे जे घडलं, ते जास्त सांगण्यासारखं आहे. बस्ट हा इंग्लिश फुटबॉलपटू, बर्मिंगहॅमचा, जन्म ३० जून १९६७. इंग्लंडमध्ये बहुतेक व्यावसायिक खेळाडू शाळकरी वयातच एखाद्या क्लबच्या तालमीत जातात आणि अठराव्या वर्षापर्यंत त्यांना ठेवायचं की सोडायचं याचा निकाल लागलेला असतो. बस्ट मात्र चोविशी गाठेपर्यंत मूर ग्रीन या बर्मिंगहॅमच्याच नॉन-लीग, म्हणजे वरच्या चार पातळ्यांच्या खालच्या, क्लबकडून खेळत होता. जानेवारी १९९२ मध्ये कॉव्हेंट्री सिटीने त्याला घेतलं. त्याच ऑगस्टमध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि पुढच्या चार मोसमांत तो त्या स्पर्धेत ५० सामने खेळला. उंचापुरा, हवेतल्या चेंडूवर पक्का असा, बचावफळीच्या मध्यभागी खेळणारा बचावपटू. प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर कॉर्नरला वर जाणं हा त्याच्या कामाचाच भाग होता.

८ एप्रिल १९९६, ईस्टरचा सोमवार. कॉव्हेंट्री ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडशी खेळत होती आणि तळाच्या रेषेवर जीव मुठीत धरून होती. सामना सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. कॉर्नरनंतर गोलसमोर चेंडू मोकळा पडला, बस्ट घसरत त्यावर गेला आणि युनायटेडचे डेनिस अर्विन व ब्रायन मॅक्लेअर यांच्याशी त्याची टक्कर झाली. उजव्या पायाच्या नडगीची दोन्ही हाडं मोडली आणि हाड कातडी फोडून बाहेर आलं. यात कुणाचाही अपराध नव्हता. तिघेही चेंडूसाठीच गेले होते, हे आवर्जून सांगायला हवं. गवतावरचं रक्त धुऊन काढेपर्यंत सामना थांबला. गोलरक्षक पीटर श्मायकेल अगदी जवळ होता आणि जे दिसलं त्याने तो पार हादरला. पुढे एरिक कँटोनाच्या गोलने युनायटेड १-० जिंकली. मोसमाच्या शेवटी कॉव्हेंट्री आणि मँचेस्टर सिटी यांचे गुण सारखेच, ३८, झाले. गोलफरकावर (केलेले वजा खाल्लेले गोल) कॉव्हेंट्री तरली आणि सिटी खालच्या विभागात गेली. नोव्हेंबर १९९६ मध्ये, २९ वर्षांचा असताना, बस्टने निवृत्ती जाहीर केली.

त्यानंतर त्याने कॉव्हेंट्री सिटीच्या समाजकार्य विभागात काम धरलं आणि नॉन-लीगमध्ये आधी सॉलिहल बरो व मग ईव्हशॅम युनायटेड या क्लबांचा व्यवस्थापक म्हणून उभा राहिला. म्हणजे ज्या थरातून तो वर आला, त्याच थरात परतला.


प्रश्न : जिब्रिल सिसे, आरन रॅम्सी यांचीही नडगी मोडली होती. ते परत खेळले. मग बस्ट का नाही? त्याचं हाड जास्त मोडलं होतं का?

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारला आहे, आणि बहुतेकांचा समज असा दिसतो की हाड किती तुकड्यांत मोडलं यावर सगळं ठरतं. तसं नाही. बस्टची कारकीर्द हाडाने संपवली नाही, जखमेतल्या संसर्गाने संपवली.

सिसेचा पाय ३० ऑक्टोबर २००४ रोजी ब्लॅकबर्नमध्ये मोडला आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो लिव्हरपूलकडून पुन्हा मैदानावर होता. मे महिन्यात चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात त्याने पेनल्टीही मारली. रॅम्सीचा पाय २७ फेब्रुवारी २०१० रोजी स्टोकमध्ये मोडला, आणि नोव्हेंबरात तो खेळायला लागला. दोघांचीही दोन्ही हाडं मोडली होती. नडगीच्या पोकळीतून धातूची दांडी घालून हाड सरळ धरता येतं. हाड जुळायला चार ते सहा महिने लागतात, मग स्नायू बांधायला आणखी काही. भोवतालचं मांस, शिरा आणि कातडी शाबूत असेल, तर हा रस्ता लांबचा असला तरी ठाऊक असलेला आहे.

बस्टची जखम उघडी होती. नडगीच्या आतल्या अंगावर हाताने चाचपून पाहा, कातडी आणि हाड यांच्यामध्ये जवळजवळ काहीच नाही. त्यात नडगीच्या खालच्या तिसऱ्या भागाला रक्तपुरवठा मुळातच कमी. हाड बाहेर आलं की गवत, माती आणि त्यांतले जंतू आत जातात. टकरीत चेंगरलेला स्नायू मेला की तोच जंतूंचा चारा होतो. मेलेल्या मांसात रक्त फिरत नाही, म्हणून शिरेतून दिलेलं प्रतिजैविक तिथवर पोहोचतच नाही. उपाय एकच उरतो : मेलेला भाग कापून काढायचा, दोन दिवसांनी पुन्हा उघडून बघायचं, आणखी मेला असेल तर आणखी काढायचा. बस्टला एमआरएसएचा संसर्ग झाला. हा जंतू नेहमीच्या कित्येक प्रतिजैविकांना दाद देत नाही. एका टप्प्यावर पाय कापावा लागेल की काय अशीही वेळ आली होती. त्याच्यावर वीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. पाय वाचला, पण स्नायू आणि ऊती इतक्या गेल्या की व्यावसायिक फुटबॉलला लागणारी ताकद आणि घोट्याची हालचाल उरली नाही.

आज ब्रिटनमध्ये अशा उघड्या अस्थिभंगासाठी ठरलेली वेळापत्रकं आहेत. पहिलं प्रतिजैविक शक्यतो दुखापतीपासून तासाभरात. जखमेची शस्त्रक्रियेने सफाई २४ तासांच्या आत, आणि फार घाण गेली असेल तर ताबडतोब. जखमेवर जिवंत मांसाचं आवरण ७२ तासांच्या आत. आणि अस्थिशल्यचिकित्सक व प्लास्टिक सर्जन यांनी पहिल्या शस्त्रक्रियेपासूनच एकत्र काम करायचं. यातली शेवटची गोष्ट लोकांना किरकोळ वाटते. प्रत्यक्षात तीच निर्णायक ठरते. हाड कितीही सुंदर बसवलं, तरी त्यावर झाकायला मांस नसेल तर सगळं व्यर्थ जातं.


प्रश्न : असा प्रसंग छोट्या क्लबच्या सामन्यात आला, तर रुग्णवाहिका येईपर्यंत मैदानावरच्यांनी काय करायचं?

उत्तर : खेळ थांबवा आणि जखमीला हलवू नका. एकाने ताबडतोब रुग्णवाहिकेला फोन करायचा आणि ‘हाड बाहेर आलं आहे’ हे स्पष्ट शब्दांत सांगायचं. दुसऱ्याने मैदानाचं फाटक उघडून रस्त्यावर उभं राहायचं. नॉन-लीगच्या मैदानांवर वाहनाचं फाटक कुलपात असतं आणि किल्ली नेमकी कुणाकडे आहे हे शोधण्यात मोलाची मिनिटं जातात, म्हणून किल्ली सामन्याआधीच हाताशी असावी.

बाहेर आलेलं हाड आत ढकलू नका, पाय ओढून सरळ करू नका. निर्जंतुक पट्टी, ती नसेल तर स्वच्छ कापड, जखमेवर अलगद ठेवा. रक्त वाहत असेल तर हाडावर न दाबता त्याच्या कडेने दाब द्या. पाय आहे त्याच स्थितीत दोन्ही बाजूंनी कोट, पिशव्या किंवा गुंडाळलेल्या जर्सी लावून स्थिर करा. बुटाच्या नाड्या सैल करा, पण बूट ओढून काढू नका. पायाची बोटं दिसत असतील तर त्यांचा रंग आणि ऊब बघत राहा. बोटं पांढरी पडून गार होऊ लागली, तर ते फोनवर पुन्हा कळवा. अंगावर पांघरूण घाला. खायला-प्यायला काही देऊ नका, कारण काही वेळातच भूल द्यावी लागेल. दुखापत किती वाजता झाली ते लिहून ठेवा. वर सांगितलेली सगळी घड्याळं त्या वेळेपासून चालू होतात.

आणि बाकीच्या खेळाडूंना तिथून दूर न्या. घोळका करून बघत उभं राहिल्याने जखमीला मदत होत नाही, आणि बघणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरून ते दृश्य पुढे कित्येक महिने जात नाही.


प्रश्न : अशी कारकीर्द संपली की पैशाचं काय होतं? बस्टसाठी खास सामना झाला होता ना?

उत्तर : झाला होता. १६ मे १९९७ रोजी हायफील्ड रोडवर, म्हणजे कॉव्हेंट्रीच्या तेव्हाच्या मैदानावर, मँचेस्टर युनायटेडचा संघ बस्टच्या टेस्टिमोनियल सामन्यासाठी आला. क्रिकेटच्या वाचकांना बेनिफिट सामना माहीत असतो, तोच हा प्रकार. तिकिटांची रक्कम खेळाडूला जाते. या सामन्याला आणखी एक महत्त्व आलं. दोनच दिवसांनी एरिक कँटोनाने निवृत्ती जाहीर केली, त्यामुळे युनायटेडच्या जर्सीतला त्याचा हा शेवटचा सामना ठरला.

आता हिशेबाचा भाग. करारात हक्क म्हणून न लिहिलेल्या टेस्टिमोनियलच्या उत्पन्नावर ब्रिटनमध्ये पूर्वी सहसा कर लागत नसे. एप्रिल २०१७ पासून नियम बदलला. स्वतंत्र समितीने आयोजन केलं असेल, तर एकूण १,००,००० पौंडांपर्यंत सूट, त्यावरच्या रकमेवर कर. ही सूट खेळाडूला आयुष्यात एकदाच मिळते. समिती नेमण्याआधीच क्लबने तोंडी किंवा लेखी वचन देऊन टाकलं की सूट हातची जाते, आणि नेमकी हीच चूक घाईत होते.

बाकी आधार विम्याचा आणि कराराचा. व्यावसायिक खेळाडूंच्या नमुना करारात, खेळताना कायमचं अपंगत्व आलं तर क्लबला करार संपवण्यासाठी बारा महिन्यांची सूचना द्यावी लागते. आजार वा अन्य कारण असेल तर सहा महिने. नॉन-लीगमध्ये करारावर नसलेल्या खेळाडूला यातलं काहीच मिळत नाही. त्याला क्लबच्या वैयक्तिक अपघात विम्यावर अवलंबून राहावं लागतं. ती आठवड्याची रक्कम त्याच्या रोजच्या नोकरीच्या पगाराच्या आसपासही जात नाही. गवंडीकाम करणारा खेळाडू पाय मोडून घरी बसला, तर त्याचे दोन पगार एकदम बंद होतात. अशा खेळाडूने स्वतःचा उत्पन्न-संरक्षण विमा घेतलाच पाहिजे, आणि अर्जात ‘मानधन घेऊन फुटबॉल खेळतो’ हे लिहिलं पाहिजे. ते लपवलं तर दावा नाकारला जाऊ शकतो.


प्रश्न : मूर ग्रीन हा क्लब आता कुठे खेळतो? यादीत सापडत नाही.

उत्तर : सापडणार नाही. २००५ च्या सुरुवातीला हॉल ग्रीन भागातल्या त्यांच्या ‘द मूरलँड्स’ मैदानावर जाळपोळ झाली आणि स्टँड खाक झाले. मग ते सॉलिहल बरोच्या डॅमसन पार्कवर भाडेकरू म्हणून खेळू लागले. २००७ मध्ये दोन्ही क्लब एक होऊन सॉलिहल मूर्स तयार झाला. म्हणजे बस्ट जिथे खेळाडू म्हणून घडला तो क्लब आणि जिथे व्यवस्थापक झाला तो क्लब, दोन्ही आज एकाच नावाखाली आहेत. सॉलिहल मूर्स २०१६ मध्ये नॅशनल लीगमध्ये, म्हणजे नॉन-लीगच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, चढला. मे २०२४ मध्ये त्याने आठवड्याभरात वेम्बलीवर दोन अंतिम सामने पेनल्टींवर गमावले : आधी ब्रॉमलीविरुद्ध बढतीचा, मग गेट्सहेडविरुद्ध एफए ट्रॉफी या नॉन-लीग क्लबांच्या चषकाचा.


प्रश्न : ‘नॉन-लीग’ म्हणजे लीगच नाही असा अर्थ होतो का?

उत्तर : नाही, नाव फसवं आहे. प्रीमियर लीगच्या खाली इंग्लिश फुटबॉल लीगचे तीन विभाग आहेत. त्या चार पातळ्यांच्या खालचं सगळं ते नॉन-लीग. त्याच्या पायऱ्यांना ‘स्टेप’ म्हणतात. स्टेप १ नॅशनल लीग, स्टेप २ तिचे उत्तर व दक्षिण विभाग. स्टेप ३ वर चार विभाग : नॉर्दर्न प्रीमियर, इस्थमियन आणि सदर्न लीगचे दोन. स्टेप ४ वर आठ, आणि त्याखाली फांद्या पसरत जातात. नॅशनल लीगमधून वर जाण्याची दारं २००३ पासून दोन आहेत, एक विजेत्याला आणि एक प्ले-ऑफ (त्याच्या खालच्या संघांमधले बाद सामने) जिंकणाऱ्याला. १९८७ च्या आधी आपोआप बढती नव्हतीच. वरच्या क्लबांच्या मतदानावर सगळं असे.

बढती फक्त गुणांवर मिळत नाही हेही ध्यानात घ्या. मैदानाची प्रतवारी असते : आसनं, छप्पर, प्रकाशझोत, खेळाडूंच्या खोल्यांचं क्षेत्रफळ, पंचांची वेगळी खोली. ठरलेल्या मुदतीत हे पुरं नसेल तर तक्त्यात पहिला आलेला संघही वर जात नाही. कृत्रिम गवताचाही पेच आहे. नॅशनल लीगमध्ये ते चालतं, तिच्या लगेच वरच्या लीग टूमध्ये चालत नाही. म्हणून २०२१ मध्ये बढती मिळाल्यावर सटन युनायटेडला चांगलं चालतं कृत्रिम मैदान उखडून खरं गवत लावावं लागलं. भाड्याने देऊन आठवडाभर कमाई करून देणारी जमीन एका बढतीने बंद होते.


प्रश्न : नॉन-लीग व्यवस्थापकाचं काम म्हणजे शनिवारी संघ निवडणं, एवढंच ना? माजी प्रीमियर लीग खेळाडूला ते सोपं जात असेल.

उत्तर : उलट आहे, आणि याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण या कामाला मिळायला हवा तो मान मिळत नाही.

स्टेप ३ वर २२ संघ म्हणजे लीगचे ४२ सामने. त्यात एफए कप (लहान-मोठ्या सगळ्या क्लबांची बाद स्पर्धा), एफए ट्रॉफी, काउंटीचा चषक. खेळाडू दिवसा नोकरी करतात. सराव साधारण मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, दीड-दीड तास. पण मंगळवारी सामना असला की सराव एकच उरतो. त्या नव्वद मिनिटांत पंधरा मिनिटं अंग मोकळं करण्यात जातात. तिघे वाहतुकीत अडकून उशिरा येतात. म्हणून शहाणा व्यवस्थापक आठवड्याला एकच विषय धरतो, फार तर दोन. गुरुवारी शेवटची वीस मिनिटं कॉर्नर आणि फ्री किकला राखून ठेवतो, कारण कमी सरावात सगळ्यात जास्त गोल तिथूनच मिळवता आणि वाचवता येतात.

मंगळवारी रात्रीचा दूरचा सामना पावणेआठला. बस चारला निघते. मग प्रत्येक खेळाडूला अर्ध्या दिवसाची रजा काढावी लागते. कोण कारखान्यात पाळीवर आहे, कोणाला शाळेतून लवकर सुटता येत नाही, याची वही व्यवस्थापकाकडे महिनाभर आधी तयार लागते. ती नसेल तर थंडीच्या रात्री दीडशे किलोमीटर दूर अकराच जण घेऊन उतरायची वेळ येते.

पैशाचं उदाहरण घेऊ. समजा आठवड्याला खेळाडूंसाठी ३,००० पौंड आहेत आणि १८ जण हवेत. सरासरी १६६ पौंड. पण गोल करणारा ३५० मागतो आणि गोलरक्षक २५०. उरलेल्या सोळा जणांत २,४०० वाटायचे, म्हणजे दरडोई १५०. इथे पहिली चूक होते : सगळे पैसे ऑगस्टमध्येच वाटून टाकले जातात. ऑक्टोबरात दोन करारबद्ध खेळाडू जखमी होतात. त्यांचं मानधन चालूच राहतं आणि बदली घ्यायला खिसा रिकामा. दहा टक्के, इथे ३०० पौंड, बाजूला ठेवून सुरुवात करणारा संघ ऑगस्टमध्ये थोडा कमकुवत दिसतो आणि फेब्रुवारीत सगळ्यांच्या पुढे असतो.

दुसरी चूक कराराची. करारावर नसलेल्या खेळाडूला दुसऱ्या क्लबने हेरलं, तर त्या क्लबने तुम्हाला सात दिवसांची लेखी सूचना द्यायची, की आठव्या दिवशी तो त्याच्याशी बोलू शकतो. ते जमलं तर तुमच्या हाती एक पैसाही येत नाही. सगळ्यांना करारावर घेतलं तर जखमींचं ओझं, कुणालाच घेतलं नाही तर डिसेंबरात अर्धा संघ रिकामा. गोलरक्षक, मधला बचावपटू आणि पुढचा गोल करणारा या तिघांना करारावर घ्यावं, बाकीच्यांना मोकळं ठेवावं. हा कणा शाबूत राहिला तर कडेचे खेळाडू बदलले तरी चालतं. मार्चच्या शेवटी नोंदणीची मुदत संपते, त्यानंतर जे हातात आहेत त्यांच्यावरच मोसम काढायचा.

तिसरी चूक चषकाच्या पैशाची. स्टेप ३ च्या संघाला एफए कपच्या पहिल्या मुख्य फेरीत पोहोचायला पात्रता फेरीचे चार सामने जिंकावे लागतात. दोन जिंकले की समितीतल्या कुणाला तरी मोठ्या क्लबाविरुद्धचा सामना स्वप्नात दिसू लागतो आणि न आलेल्या बक्षिसावर नवा खेळाडू घेतला जातो. चषकाचा पैसा बँकेत जमा झाल्यावरच मोजायचा, आणि तोही मैदानाच्या निचऱ्यावर खर्च करायचा. जानेवारीत पाणी साचून सहा सामने पुढे ढकलले गेले, तर एप्रिलमध्ये शनिवार, मंगळवार, गुरुवार असं खेळावं लागतं. नोकरी करून तीन सामने खेळणाऱ्या पायांचे स्नायू तिथेच फाटतात.

माजी व्यावसायिक खेळाडू इथे अडखळतात ते फुटबॉल कळत नाही म्हणून नव्हे. त्यांना रोजच्या सरावाची, फिजिओची, गवत कापणाऱ्या पगारी माणसांची सवय असते. सहा वाजता कामावरून थेट आलेल्या, जेवलेल्या नसलेल्या माणसाकडून किती मागायचं याचा अंदाज त्यांना नसतो. बस्टसारखे, जे याच थरातून वर गेले, त्यांच्यापाशी तो अंदाज आधीपासूनच असतो. आमच्या मते व्यवस्थापकाच्या पदविकेइतकीच ही गोष्ट वजनदार आहे.


प्रश्न : दुखापतीतून सावरून नॉन-लीगमध्ये व्यवस्थापक म्हणून खरोखर दीर्घकाळ टिकलेला कोणी आहे का?

उत्तर : ॲलन डेव्हनशर. १९७६ मध्ये तो साउथॉल या नॉन-लीग क्लबमधून ५,००० पौंडांत वेस्ट हॅमला आला. तोवर तो पेरिव्हेलच्या हूव्हर कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवत होता. १९८० चा एफए कप जिंकला, इंग्लंडकडून आठ सामने खेळला. जानेवारी १९८४ मध्ये विगनविरुद्धच्या कपच्या सामन्यात गुडघ्याचे लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे, तुटले आणि वर्षाहून जास्त काळ तो बाहेर राहिला. परत आला, पण पूर्वीचा वेग गेला होता. पाय वेगळ्या तऱ्हेने वापरायला शिकून तो वेस्ट हॅममध्ये १९९० पर्यंत खेळला.

व्यवस्थापक म्हणून १९९६ मध्ये मेडनहेड युनायटेड, २००३ पासून हॅम्प्टन अँड रिचमंड, २०११ पासून ब्रेनट्री टाउन, २०१५ मध्ये पुन्हा मेडनहेड. २०१७ मध्ये अर्धवेळ खेळाडूंच्या मेडनहेडला त्याने नॅशनल लीग साउथचं विजेतेपद मिळवून वरच्या पायरीवर नेलं. मेडनहेडचं यॉर्क रोड हे मैदान १८७१ पासून वापरात आहे. एकाच क्लबने सलग वापरलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या मैदानांत त्याची गणना होते.


प्रश्न : डेव्हनशरसारखी गुडघ्याची दुखापत आज झाली तर किती महिने?

उत्तर : पुढचं क्रुशिएट लिगामेंट एकटंच तुटलं असेल तर साधारण नऊ महिने, आणि त्याआधी घाई नको. एकाहून जास्त लिगामेंट गेले असतील तर वर्ष किंवा अधिक. पूर्वी गुडघा कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये ठेवत. सांधा आखडे आणि मांडीचा स्नायू वाळून जाई. आता मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा किंवा वाटीखालच्या कंडऱ्याचा पट्टा घेऊन नवं लिगामेंट बसवतात आणि दुसऱ्या दिवसापासून गुडघा हलवायला लावतात.

क्रम मात्र मोडायचा नाही. आधी गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे, वाकणं नंतर. सूज उतरल्याशिवाय वजन वाढवायचं नाही. दीड ते तीन महिन्यांच्या काळात बसवलेला पट्टा सगळ्यात कमकुवत असतो, कारण जुन्या पेशी मेलेल्या आणि नव्या शिरा अजून शिरत असतात. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं आणि खेळाडूला वाटतं आपण बरे झालो. मैदानावर परतण्याआधी जखमी पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के हवी, आणि एका पायावर उडी मारून केलेल्या चाचण्यांतही तेवढीच. अर्धवेळ खेळाडूंच्या बाबतीत घोटाळा होतो तो इथेच. फिजिओ आठवड्यातून दोन संध्याकाळी भेटतो, बाकीचे पाच दिवस व्यायाम मोजायला कोणी नसतं. म्हणून आकडे वहीत लिहायचे आणि दर आठवड्याला दाखवायचे.


प्रश्न : नॉन-लीगमध्ये व्यवस्थापक व्हायला परवाना लागतो का?

उत्तर : खालच्या पायऱ्यांवर वरच्यासारखी सक्ती नाही. प्रीमियर लीगमध्ये यूएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाचा, प्रो परवाना लागतो. यूएफाच्या ठरावानुसार सी परवान्यासाठी किमान ६० तास, बीसाठी १२०, एसाठी १८० आणि प्रोसाठी ३६० तासांचं शिक्षण आहे. जखमी खेळाडूने बी परवाना उपचार चालू असतानाच सुरू करावा. त्यात पळण्यापेक्षा बघणं, थांबवणं आणि समजावणं जास्त असतं. परवाना मिळाल्यावर तीन वर्षांत १५ तासांचं पुढचं शिक्षण केलं नाही तर तो निष्प्रभ होतो. हे विसरणारे बरेच आहेत.


प्रश्न : कॉव्हेंट्रीला एका नॉन-लीग संघाने हरवलं होतं असं ऐकलं. खरं का?

उत्तर : खरं आहे. ७ जानेवारी १९८९, एफए कप, सटन युनायटेड २, कॉव्हेंट्री सिटी १. टोनी रेन्स आणि मॅथ्यू हॅनलन यांचे गोल. कॉव्हेंट्रीने हा कप दोनच वर्षांपूर्वी जिंकलेला होता. सटनचे व्यवस्थापक बॅरी विल्यम्स हे शिक्षक होते. दोन्ही गोल कॉर्नरवरून रचलेल्या चालींतून आले, यावरून वर सांगितलेली गुरुवारची वीस मिनिटं आठवावीत.


प्रश्न : बस्टचं ‘समाजकार्य विभागातलं काम’ म्हणजे नक्की काय?

उत्तर : व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने १९८६ मध्ये वायव्य इंग्लंडमधल्या काही क्लबांपासून ही योजना सुरू केली आणि हळूहळू जवळजवळ प्रत्येक क्लबमध्ये असा विभाग उभा राहिला. कॉव्हेंट्रीत तो ‘स्काय ब्लूज इन द कम्युनिटी’ या नावाने धर्मादाय संस्था म्हणून चालतो, आणि बस्टने अनेक वर्षं त्याचं नेतृत्व केलं. शाळांत प्रशिक्षण, सुट्टीतली शिबिरं, अपंग खेळाडूंचे संघ, आणि चालत खेळायचा फुटबॉल. शेवटच्या प्रकारात पळायला मनाई असते, एक पाय सतत जमिनीवर हवा, आणि अंगावर जाऊन टक्कर मारली की फाऊल. गुडघे किंवा घोटे गेलेल्या माणसालाही त्यात चेंडू पुन्हा पायावर घेता येतो.